अलीकडं कोणता पिक्चर बघितला?

साहेबराव अवसरमल यांना पिक्चर कसा वाटला, हे कुणाला विचारावं लागत नसे. थेटरातून पार्किंगमध्ये पोचेपर्यंत त्यांचं मत तयार झालेलं असे आणि भावसिंगपुऱ्यात घराजवळच्या चहाच्या टपरीसमोर गाडी लावेपर्यंत ते दोघातिघांना सांगूनही झालेलं असे. मत फार लांबलचक नसे. पोलिसाच्या पिक्चरबद्दल ते म्हणाले होते, "लई हाणामारी केली, पण शर्टाची इस्त्री मोडली नाय." भुताच्या पिक्चरबद्दल म्हणाले, "भुताचं काम चांगलंय. माणसांचं तेवढं जमलं नाय." आणि मध्यंतरी लढायांचा एक भलामोठा पिक्चर आला, सगळं शहर त्याच्यावर फिदा होतं, तेव्हा यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "घोड्यांनी जीव तोडून काम केलंय." टपरीवरचे लोक हसत, आणि मग तो पिक्चर बघायचा की नाही ते त्यावर ठरवत.

वाळूजच्या एका कंपनीत फिटर म्हणून उभी हयात घालवून ते निवृत्त झाले होते. मंगळवारी तिकीट स्वस्त असतं, म्हणून मंगळवारचा दुपारचा शो त्यांचा ठरलेला. गीताबाई सोबत जात, पण त्या एसीत मस्त झोपत आणि बाहेर आल्यावर नवऱ्याच्याच तोंडून पिक्चर ऐकत. त्यांचं म्हणणं असं की बघण्यापेक्षा यांच्याकडून ऐकलेला बरा, लवकर संपतो.

निवृत्तीनंतर साहेबरावांनी आणखी एक उद्योग अंगावर घेतला होता, सोयरिकी जुळवण्याचा, तोही फुकटचा. समाजाच्या वधू-वर मेळाव्यात ते पुढच्या खुर्चीवर असत. मुलगी बघायला कुणी येणार असलं की मुलीकडचे लोक त्यांना आवर्जून बोलावत. बाकीचे लोक मुलाला पगार विचारत, प्लॉट विचारत, बदली कुठं होते ते विचारत. साहेबराव गप्प राहत. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या की मगच ते खुर्ची जरा पुढं ओढत आणि विचारत, "अलीकडं कोणता पिक्चर बघितला?"

त्यांचा हिशोब साधा होता. पगार विचारला की माणूस सावध होतो, पिक्चरचं विचारलं की सैल सुटतो आणि पोटातलं ओठावर येतं. पाचोडकडच्या एका मुलाला हिरो हिरॉइनच्या थोबाडीत मारतो तो सीन लई भारी वाटला होता. साहेबरावांनी त्याला जय भीम केला आणि मुलीच्या बापाला बाहेर बोलावून सांगितलं, इथं देऊ नका. नुसतं "बरा होता" म्हणणारा मुलगाही त्यांना चालत नसे. असा माणूस एक तर झोपला होता, नाहीतर काहीतरी लपवतोय, असं ते म्हणत. गीताबाई त्यावर काही बोलत नसत, कारण त्या झोपणाऱ्यांतल्या होत्या.

आता अशा नावाजलेल्या प्रश्नाचं काय होणार? दहावीचा पेपर फुटतो तसा तो जिल्हाभर, कन्नडपासून पैठणपर्यंत फुटला. मुलांच्या मावश्या-आत्या आदल्या दिवशी पोराला टीव्हीसमोर बसवत, काय बोलायचं ते घोटून घेत. साहेबरावांच्या कानावर हे कुणी घातलं नाही. उलट उत्तरं एकाहून एक चांगली येऊ लागली, तेव्हा नवी पिढी शिकून शहाणी झाली म्हणून ते खूश होते.

त्यांची एकुलती एक मुलगी अमृता. लहानपणी ती स्कूटरवर पुढं उभी राहून थेटरापासून घरापर्यंत बापाशी भांडत यायची. हिरो मेला ते चूकच झालं, व्हिलनच्या बायकोला काही बोलायलाच दिलं नाही, शेवटचं गाणं कशाला घातलं. साहेबराव तिच्याशी मोठ्या माणसाशी वाद घालावा तसा वाद घालत आणि मधेच तिची चूक पकडत, "अगं, तो भाऊ नव्हता, मेहुणा होता, नीट बघितलं नाय तू." आपल्या पोरीला स्वतःचं मत आहे याचा त्यांना कंपनीतल्या बढतीपेक्षा जास्त अभिमान होता.

तिला बघायला वैजापूरचा अभय आला. सरकारी नोकरी, आईबापाचा एकुलता, बघायला नीटस. प्रश्न आला. अभय जरा थांबला आणि म्हणाला, "पिक्चर ठीकच होता काका, पण त्यातली हिरोची आई सगळ्यांना वाढून एकटीच जेवते, ते मनाला लागलं." साहेबरावांनी तिथंच मनातल्या मनात अक्षता टाकल्या. अमृता हो म्हणाली, पण ती बापाच्या पारखीवर विसंबून म्हणाली होती. दोन वर्षांपूर्वी मंगल परिणय झाला, जेवणात दोन गोडाचे पदार्थ होते.

या मंगळवारी अमृता माहेरी होती, म्हणून तिघं मिळून पिक्चरला गेली. पिक्चर दोन भावांचा होता, शेतीच्या तुकड्यावरून कोर्टात गेलेल्या. साहेबरावांना मनापासून आवडला होता आणि त्यांना भांडायला कुणीतरी हवं होतं. थेटराच्या जिन्यावरच त्यांनी विचारलं, "काय मग, कसा वाटला?"

"बरा होता, पप्पा."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "आणि धाकट्या भावाची बायको? तिचं बरोबर वाटलं का तुला?"

"बरोबरच असेल." ती ओढणी नीट करत पुढं गेली.

साहेबराव जिन्यावर मागंच थांबले. हे उत्तर त्यांनी किती मुलांच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्यांना घरी पाठवलं होतं. अमृता तर झोपली नव्हती.

घरी आल्यावर अमृता न्हाणीघरात गेली तशी ते स्वयंपाकघरात शिरले. गीताबाई मेथी निवडत होत्या.

"हिचं काय बिनसलंय?"

"तिलाच विचारा की."

"ती मला सांगत नाय."

"कशी सांगंल?" गीताबाईंनी मान वर केली नाही. "तुम्ही आधीच निकाल देऊन बसलाय. हिवाळ्यात ती आली होती तवा टीव्हीवर तो पिक्चर लागला होता, बायको नवऱ्याचं घर सोडून जाती तो. तुम्ही काय बोलला आठवतंय का?"

साहेबरावांना आठवलं. स्वतःचं मत ते कधी विसरत नसत. ते म्हणाले होते, "मारत नाय, पीत नाय, पगार घरी आणतो. मग सोडायचं कारण काय? डायरेक्टरलाच कारण सापडलं नाय." सगळे हसले होते. शेजारचे इंद्रजीतही हसले होते.

"तवा ती माझ्याजवळ बसून वाटाणे सोलत होती," गीताबाई म्हणाल्या. "बॅगेत सगळी सर्टिफिकिटं घालून आली होती. परत जायचंच नव्हतं तिला. मला म्हणली होती, संध्याकाळी पप्पांशी बोलते. तुमचं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वैजापूरला गेली."

"आणि तू मला सांगितलं नाय?"

"शपथ घातली होती तिनं. आज मोडली." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या चिडलेल्याही होत्या. "उद्या जायचं म्हणती ती. आता काय बोलायचं ते बोला, नायतर जाऊ द्या तिला."

साहेबराव बाहेरच्या खोलीत येऊन बसले. जिल्ह्यातल्या कुठल्याही मुलाला ते बिनधास्त प्रश्न विचारत, पण पोटच्या पोरीला 'तुझा नवरा कसा आहे' हे विचारायला त्यांची जीभ रेटेना. त्यांना आतापर्यंत एकाच रस्त्यानं माणसाच्या मनात शिरता आलं होतं. तो रस्ता त्यांनीच तिच्यापुरता बंद करून टाकला होता, हे त्यांना आता कळत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

अमृता केस पुसत आली आणि समोर बसली.

"अमृता, तो घर सोडणाऱ्या बाईचा पिक्चर आठवतो का तुला?"

तिचा हात थांबला. "आठवतो."

"मला तो कळलाच नाय. तू सांग बरं, तिनं का सोडलं?"

तिनं टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला. साहेबरावांनी नेहमीसारखं मधे तोंड घातलं नाही. मग ती जमिनीकडं बघत बोलू लागली.

"त्यात तो नवरा तिच्याशी बोलत नाही. भांडण झालं म्हणून नाही, असंच. आठ-आठ दिवस. ती ताट वाढते, तो ताट सरकवून बाहेर जेवून येतो."

त्या पिक्चरमध्ये असा सीन नव्हता. साहेबरावांना तो पिक्चर पाठ होता.

"पाहुणे आले की ती काहीतरी बोलायला जाते. तेव्हा तो आईकडं बघून हसतो. मग आई हसते, पाहुणेही हसतात. एकदा ती टीव्हीवरच्या पिक्चरबद्दल काही म्हणाली, तर म्हणाला, तुला काय कळतं त्यातलं, तुझ्या बापानं डोक्यावर चढवून ठेवलीय तुला. तेव्हापासून तिनं मत सांगणंच सोडलं. कुणी विचारलं की बरा होता म्हणते."

हाही सीन पिक्चरमध्ये नव्हता. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता, गीताबाई दाराशी येऊन उभ्या होत्या.

"तिनं एकदा विचारलं त्याला, की मग बघायला आलास तेव्हा आईच्या एकटीनं जेवण्याचं एवढं कसं लागलं तुला मनाला? तर तो म्हणाला, ते मावशीनं पाठ करून घेतलं होतं. तुझा बाप काय विचारतो ते सगळ्या जिल्ह्याला माहितीय."

साहेबरावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले. अभयचा राग आला होताच, पण त्याहून जास्त घाव बसला तो हा की आपण ज्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या पोरी वाचवत होतो, त्याच खुर्चीत बसून आपली पोर दिली. अशा पाठ केलेल्या उत्तरांवर आणखी किती जणी दिल्या, तेही मनात येऊन गेलं.

"मारत नाही पप्पा तो," अमृता म्हणाली. आता ती पिक्चरचं बोलत असल्याचं नाटक करत नव्हती आणि रडतही नव्हती. "पीत नाही. पगार घरी आणतो. लोकांना सांगायला माझ्याकडं काहीच नाही. म्हणून मी म्हटलं, पप्पा म्हणतात तसंच असेल, कारण नसेल."

"कारण हाय," साहेबराव म्हणाले.

अमृतानं मान वर केली.

"त्या बाईनं जायलाच पाहिजे होतं. उशीर केला तिनं."

"उशीर होणारच," ती हळूच म्हणाली. "जाणार कुठं? त्या पिक्चरमध्ये तिचं माहेर दाखवलंच नाही. शेवटी हॉस्टेलवर जाते. तिला बापच नाही त्यात."

एवढं मात्र खरोखरच त्या पिक्चरमध्ये होतं, आणि इतक्या वेळा बघूनही साहेबरावांच्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

"तुला हाय," ते म्हणाले.

अमृताला तेव्हा रडू फुटलं. गीताबाई येऊन तिच्याजवळ बसल्या. थोड्या वेळानं टेबलावर तिचा फोन वाजला, अभयचं नाव दिसत होतं. उद्या कोणत्या गाडीनं येतेस ते विचारायला असेल. अमृता फोनकडं बघत राहिली, तिचा हात पुढं होईना. साहेबरावांनी हात पुढं केला, पण फोन उचलला नाही. त्यांनी तिला विचारलं, "तू बोलतीस का मी बोलू?"

अमृतानं डोळे पुसले. "मी बोलते," ती म्हणाली आणि तिनं फोन घेतला. "हॅलो. मी उद्या येत नाही. परवाही नाही." पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं, एकदा तो हसल्याचंही ऐकू आलं. "नाही, पप्पांनी शिकवलेलं नाही," ती म्हणाली. "हे माझं मत आहे."