भिंतसरांचा बचाव

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉलच्या सरांनी पहिला महिनाभर आम्हाला चेंडूच दाखवला नाही. तो त्यांच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद असायचा. कोणी मागितला की म्हणत, "चेंडू पाहिला का पोरी बिघडतात. आधी समोरून कोणी आलं त मधात उभं राहणं शिका." सत्तरच्या दशकातलं नागपूर. सलवार-कमीज घालून का होईना, मुलींना खेळू देतात हेच खूप मानायचे ते दिवस. त्यामुळे बिनचेंडूचा बास्केटबॉलही आम्ही मुकाट खेळलो. सरांना आम्ही भिंतसर म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

त्यांची खरी अडचण म्हणजे आमचं वळण. समोरून कोणी धावत आलं की बाजूला व्हायचं, हे आम्ही घरूनच शिकून आलेल्या. समोरची मुलगी बास्केटकडे निघाली की मी "सॉरी" म्हणून तिला वाट द्यायची. सर शिट्टी काढून ओरडायचे, "काहून वं, पाहुणी आली का ते तुही? चहा ठेव ना मंग!"

शेवटी त्यांनी इतवारीच्या बाजारातून काथ्याचा दोर आणला आणि आम्हा पाचजणींना कमरेला एकत्र बांधलं. चेंडू डावीकडे गेला की पाचहीजणींनी डावीकडे. "एक चुकली त बाजूच्या दोघींनं भोक बुजवायचं. बचाव एकटीचा नसते." एकदा आमची कॅप्टन सुलभा जोरात शिंकली आणि पाचहीजणी आडव्या झालो. सर खुशीत म्हणाले, "आता जमून राहिलं."

त्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो, कारण बास्केटमध्ये चेंडू टाकायला शिकायचं राहूनच गेलं होतं. एका सामन्यात आम्ही समोरच्यांना जेमतेम नऊ गुण करू दिले. आमचे चार झाले. सरांनी पेढे वाटले.

प्राचार्यांना हे पेढे पचले नाहीत. आमचं मैदान मोडून तिथे प्राध्यापकांच्या स्कूटरींसाठी स्टँड करायचं ठरलं. बाकीची मैदानं मुलांच्या ताब्यात होती. हे गेलं की आमचा खेळ संपला.

सोमवारी सकाळी मुरुमाचा ट्रक मैदानाच्या फाटकाशी आला. आम्ही पाचजणी हात पसरून फाटकात उभ्या राहिलो. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत ओरडला, "हटो बाई!" मग प्राचार्य आले, त्यांच्यामागून सर. सरांची नोकरी कच्ची होती. जमिनीकडे पाहत ते एकदम पुस्तकी मराठीत म्हणाले, "मुलींनो, कृपया बाजूला व्हा."

सुलभा म्हणाली, "सर, ते त तुम्ही शिकवलंच नाही."

ड्रायव्हरला पुढची फेरी गाठायची होती. कंटाळून त्यानं मुरूम ग्रंथालयामागे ओतला आणि तो निघून गेला. स्टँड तिथेच झालं. आधीपासून तिथेच ठरलं होतं, असं प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर लावलं.

मैदान राहिलं. सरांना मात्र पुढच्या वर्षासाठी ठेवलं नाही. ते निघाले त्या दिवशी, आता काहीतरी चांगलं बोलतील म्हणून आम्ही फाटकाशी जमलो. त्यांनी आम्हाला ट्रकच्या दिवशीसारखंच ओळीत उभं केलं आणि मागे सरून नीट पाहिलं.

"डावीकडच्या दोघी बहुत दूर होत्या," ते म्हणाले. "ड्रायव्हर हुशार असता त घुसला असता."

आणि त्यांनी मला दंडाला धरून एक पाऊल आत सरकवलं.