काचेवरची दुधाळ फिल्म

माझा स्वभाव तापट. डोंबिवलीच्या ज्या रंगांच्या लॅबची मी प्रमुख आहे, तिथे शिपायापासून मालकांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे. इतक्या वर्षांत मला कुणी उलट उत्तर दिलं नाही, त्यामुळे मी चुकतच नाही असा माझा आपला समज.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक केमिस्ट आले. वय त्रेपन्न, माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, राहायला वर्तकनगरला. आधीची नोकरी गेलेली, मुलगी अजून शिकतेय. आमच्याकडे सहा महिने बघणार आणि मग कायम करणार, असं ठरलेलं. त्या वयात बाहेर पडलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेतो हो?

लवकर पेट न घेणारा रंग बनवायचा होता. क्लोरीन आगीला आवर घालतो, म्हणून क्लोरीनवालं अ‍ॅक्रिलिक आमच्या साध्या अ‍ॅक्रिलिकमध्ये मिसळतं का, हे त्यांनी बघायचं. दोन पॉलिमर सहसा मिसळत नाहीत. एवढ्या लांबलचक साखळ्या, आपापला गोतावळा धरून बसतात. पण त्यांचं म्हणणं, इथे जमेल. क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो, मग शेजारचा हायड्रोजन उघडा पडतो आणि दुसऱ्या साखळीतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. परीक्षा सोपी. दोन्ही एकाच सॉल्व्हंटमध्ये विरघळवून काचेवर ओतायचं. सुकून झालेल्या पातळ फिल्ममधून आरपार दिसलं तर जमलं, ती दुधाळ झाली तर नाही.

त्यांनी तीन वेळा ओतलं. तिन्ही वेळा दुधाळ.

"अहो, कॉलेजातली पोरंसुद्धा याहून बरं करतील!" मी सगळ्यांदेखत म्हटलं. ते काच पुसत राहिले. मी त्यांच्या फॉर्मवर 'कायम करू नये' असं लिहून तो मालकांच्या टेबलावर पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांना शिकवायला, खरं म्हणजे त्यांची जिरवायला, मी स्वतः नुसत्या साध्या अ‍ॅक्रिलिकची फिल्म ओतली. "बघा, फिल्म अशी दिसते."

दहा मिनिटांत तीही पांढरी! अगं बाई, मी बघतच राहिले. त्यात दुसरं पॉलिमर नव्हतंच. मग न जमायला होतं कोण? सॉल्व्हंट भराभर उडताना काच गार पडते आणि हवेतली दमट वाफ फिल्मवर बसून ती पांढरी करते, हे मीच नव्यांना शिकवते. आणि हवा कोरडी ठेवणारा एसी महिनाभर मीच बंद ठेवलेला, खांदा आखडतो म्हणून.

एसी लावला. दोन तासांनी त्यांच्याच बाटलीतलं द्रावण ओतलं. सुकल्यावर काचेखालच्या पेपरातली बारीक जाहिरात लख्ख वाचता आली.

"तुम्हाला कळलेलं हे?"

"पहिल्याच दिवशी, मॅडम."

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडलेच.

"आधीच्या कंपनीत बोलायचो. माणसं काढायची वेळ आली तेव्हा यादीत बोलणाऱ्यांचीच नावं वर होती. बायकोने बजावलंय, कायम होईपर्यंत तोंड उघडायचं नाही." मग खाली बघून म्हणाले, "आणि तुमच्यासमोर तर नाहीच."

मला लाज वाटली. माझ्या धाकापायी हा माणूस आपली रोजीरोटी मुकाट्याने जाऊ देत होता. तडक मालकांच्या केबिनमध्ये गेले. "तो फॉर्म परत द्या. चूक माझी आहे." मालकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नव्हतं.

सहा महिने पुरे व्हायची वाट न बघता महिन्याभरात त्यांना कायम केल्याचं पत्र मिळालं. त्याच दुपारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, आपली चिकटपणाची टेस्ट आहे ना, तीही आपण चुकीची करतोय."

सवयीने राग आलाच. पण कायमचं पत्र खिशात असूनही त्यांचा आवाज कापत होता.

"बसा," मी म्हटलं, "आणि सगळं सांगा."