जराशी आत वळलेली चाकं

इंदुरातल्या आमच्या गल्लीत ट्रक लावणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. शिव्या घालायला नाव लागत नाही. एका रविवारी तो घरासमोरच ट्रकची अलाइनमेंट करत होता, बायकोची शिलाईची टेप घेऊन. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर त्यानं मागून मोजलं, मग पुढून. पुढून किंचित कमी भरलं. मी रिटायर्ड ड्रिल मास्तर; लगेच ओरडलो, "भिया, चाकं वाकडी आहेत, सरळ करा!"

माझ्या हातातल्या पेपराला ग्रीसचे हात पुसत तो म्हणाला, "सरजी, उभ्या गाडीची चाकं एकदम सीधी ठेवली, तर पळताना फाकतात. जराशी आत असली, की पळताना सरळ होतात."

तीस वर्षं मी पोरांना काठीसारखं उभं केलं. पळायला लागल्यावर ती कुठे फाकली, ते एकदाही वळून पाहिलं नाही.