टोपली बाहेरच ठेवा

माझ्या सासऱ्यांवर प्रेम करण्याचं काम परमेश्वराने स्वतःकडेच ठेवलं असावं. माणसाच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हती. त्यांचं ज्याच्याशी भांडण झालं नाही असं घर आमच्या उमेळे गावात शोधायचं तर नवंच बांधावं लागलं असतं, आणि नव्या इमारतींत राहायला येणाऱ्यांशीही ते आठवडाभरात ओळख करून घेत, म्हणजे भांडत. ज्याच्याशी बिनसलं तो बसतो त्या बाकावर बसायचं नाही, हा त्यांचा चर्चमधला नियम. होता होता अख्ख्या चर्चमध्ये त्यांना बाकच उरला नाही. मग घरून प्लास्टिकची खुर्ची नेऊन ते दाराशी बसू लागले. मिस्सेच्या उपासनेत शेजाऱ्याचा हात हातात घेऊन शांती द्यायची वेळ आली की हात पाठीमागे बांधत. "माझी शांती माझ्यापाशी बरी हाय," म्हणत. प्रवचन लांबलं की त्यांना खोकल्याची उबळ येई आणि संपलं की लगेच थांबे. शेजारच्या आंब्याची वाळलेली पानं आमच्या अंगणात पडली तर ती वेचून, पिशवीत भरून, शेजाऱ्याच्या दारात नेऊन ओतत. वर सांगत, "कोनाचं काय ठेवून घेत नाय मी."

लोक हसायचे. मीही हसले असते, पण मी त्यांची सून होते.

मी पाचूबंदरच्या कोळ्यांची मुलगी. दोन्ही घरं ख्रिस्ती, मिस्सा तीच, क्रूस तोच. पण बागायती वाडीवाल्यांच्या मुलाने मासळीवाल्यांची मुलगी करणं हे सासऱ्यांच्या, म्हणजे पपांच्या, लेखी दहा आज्ञांत लिहायचं राहून गेलेलं पाप होतं. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "ए पाचूबंदर, चा ठेव," अशी हाक असे. नवऱ्याला सांगितलं तर तो हसून म्हणायचा, "पपा तसेच आहेत गं."

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला माझे बाबा रिक्षाने टोपली घेऊन आले. ताजा सरंगा, वर ओलं फडकं. अंगावर नवा सदरा. पपा ओटीवर बसले होते. न उठता म्हणाले, "टोपली बाहेरच ठेवा. घरात वास राहातो." टोपलीबरोबर बाबाही बाहेरच राहिले. उभ्या उभ्या पाणी प्यायले, मला म्हणाले, "बरी आहेस ना, बाय?" आणि गेले. पुन्हा कधी त्या घरी आले नाहीत. रात्री पपांनी सरंग्याच्या दोन तुकड्या खाल्ल्या, डोकंही चोखलं, आणि मीठ कमी पडल्याचं सांगितलं.

पुढे बाबा वारले. मग नवरा गेला, कामावर असतानाच, छातीत कळ येऊन. पपांना अर्धांगवायू झाला आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी राहिले ती काही ख्रिस्ताच्या प्रेमापोटी नव्हे. माहेरच्या दोन खोल्या भावाच्या संसाराने भरल्या होत्या, दुसरं काय. पेज भरवताना चमचा मुद्दाम थोडा जोरात लागायचा, हेही खरं.

चर्चचे तरुण फादर दर शुक्रवारी कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन घरी येत. एकदा म्हणाले, "अशी सेवा करायला मिळणं ही मोठी कृपा असते."

मी म्हटलं, "फादर, पुढच्या शुक्रवारी लवकर या. त्यांचं अंग पुसायचं असतं. थोडी कृपा तुम्हीही घ्या."

ते खरंच आले. बाह्या वर करून घमेल्यापाशी बसले. पपा म्हणाले, "तुमचं पुसनं पन प्रवचनासारखंच. संपतच नाय." मी कित्येक महिन्यांनी हसले. फादरही हसले, आणि पाठ पुसता पुसता त्यांनी हळूच विचारलं, "पपा, सुनेची कधी माफी मागावीशी वाटते का?"

"मी काय केलंय तिला?" पपा म्हणाले.

ते सोंग नव्हतं. त्यांना खरोखरच काही आठवत नव्हतं. जे मी इतकी वर्षं उराशी धरून बसले होते, ते त्यांच्या लेखी घडलंच नव्हतं. टॉवेल हातात धरून मी सगळं सांगितलं. टोपली, नवा सदरा, उभ्याने प्यायलेलं पाणी. फादर खाली बघत राहिले.

मग पपा म्हणाले, "सरंगा चांगला होता."

एवढंच. मी टॉवेल टाकून परसात गेले आणि विहिरीपाशी रडले.

नंतर एका दुपारी त्यांनी पेजेपुढे तोंड मिटून घेतलं. वाटलं, आज पुन्हा मीठ. तर म्हणाले, "तू जेवलीस?" त्या घरात मला हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

"खोटं बोलते. जा, जेव आधी. मी काय आज मरत नाय."

शब्दाला जागले. त्या दिवशी मेले नाहीत. पुढच्या आठवड्यात गेले, उशी टोचते अशी तक्रार करता करता.

मातीनंतर बायका म्हणाल्या, "मोठ्या मनाची गं तू, सगळं माफ केलंस." माफ करून झालेलं नाही. पाण्याचा तांब्या भरताना अजून बाबा बाहेर उभे दिसतात. एवढंच की संध्याकाळी रोझरीची माळ जपून झाल्यावर मेलेल्यांसाठी प्रार्थना करते, तेव्हा पूर्वी दोनच नावं घ्यायची. आता तिसरं असतं. त्या नावापाशी मी थांबते, कधी कधी बराच वेळ. पण ते घेतल्याशिवाय उठत नाही.