साहेबांच्या आजोबांची खाण

आखातात, रास अल खैमातल्या दगडखाणीच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होतो. आमच्या अमेरिकन साहेबांच्या खुर्चीमागे त्यांच्या आजोबांच्या काळातला नकाशा टांगलेला असे. त्यांच्या मुलखातले ओसाड डोंगर, नवीकोरी रेल्वेलाइन आणि चांदीच्या खाणी. कोपऱ्यातली एक खाण आजोबांची. "रिटायर झालो की तिथे जाऊन उभा राहणार," असं ते येईल-जाईल त्याला सांगत.

एकदा रजेवर जाताना ते म्हणाले, काच तडकलीय, बदलून ठेव. मी नकाशा टेबलावर उतरवला आणि बिनदुधाच्या सुलेमानी चहाचा अख्खा ग्लास त्यावर सांडला. नेमका आजोबांच्या कोपऱ्यावर. फडक्याने पुसायला गेलो, तर शाईच फरफटली.

माझा रूममेट चिपळूणचा, क्रशरवर फोरमन. बघून त्याने टाळीच वाजवली. "खलास! तू चाललास गावाला. तुझी खिडकीजवळची खाट माझी."

"दात काय काढतोस? उपाय सांग."

"ड्राफ्ट्समन ना तू? काढ दुसरा!"

ज्या चहाने घात केला, त्याच चहात बुडवून कागद जुना केला आणि शुक्रवारच्या दोन सुट्ट्या खपून त्यावर नकाशा उतरवला. पुसलेल्या कोपऱ्यात काय काढणार? आमच्या गावामागची टेकडी काढली. तिचे चढउतार पाठ होते. माथ्यावर, देवळाच्या जागी, खाणीची खूण केली.

साहेब परतले. "वा, साफसुद्धा केलास!" म्हणाले. रोजची वस्तू कोण निरखून पाहतं? मी लाजल्यासारखं केलं.

रिटायर झाल्यावर वर्षभरात त्यांचा फोटो आला. तिकडच्या एका टेकडीवर घामाघूम साहेब, शेजारी त्यांनी बसवलेला आजोबांच्या नावाचा दगड. मागे लिहिलेलं: "तीन तास चढलो. नकाशातला एक कडा सापडला नाही, खाणवाल्यांनी फोडून नेला असावा."

मी ट्रंकेतला मूळ नकाशा काढला. डिंक वाळून तो पुठ्ठ्यावरून सुटला होता. पाठीवर पेन्सिलीने आजोबांनीच लिहून ठेवलं होतं: खाण सपाटीवर, स्टेशनपासून दोनशे पावलं.

"गप्प बस," रूममेट म्हणाला. "म्हाताऱ्याला परत कशाला पळवतोस?"

मला तेवढंच निमित्त हवं होतं. ट्रंक बंद केली.

आता माझेच गुडघे जिना चढताना बोलतात, तेव्हा ते तीन तास आठवतात. गेल्या महिन्यात मूळ नकाशा फोटोच्या पाकिटावरच्या पत्त्यावर पाठवला. सगळं कबूल केलं आणि खाली लिहिलं: "साहेब, दगड हलवावा लागेल. या वेळी चढायचं नाही. तुम्ही नसाल, तर नातवंडांनी दोनशे पावलं मोजावीत."