उत्तमराव पेंटर आणि उन्हातला सफेदा

छप्पनच्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्य मोडून आंध्र प्रदेश झालं आणि गौलीगुड्याच्या उत्तमराव पेंटरना जेवायला फुरसत उरली नाही. जो तो दुकानदार पाटीवर तेलुगू अक्षरं मागू लागला. आबिड्सला हिम्मतरावांचं कापड दुकान होतं. त्याची लांबलचक आकाशी पाटीही त्यांनीच रंगवली.

मे महिन्यात हिम्मतरावांनी बोलावून घेतलं. पाटीवर बोट फिरवून दाखवलं. बोटाला पांढरी पूड!

"सहा महिन्यांत रंग उडाला. भेसळ केलीत ना?"

"शपथेवर नाही, मालक." उत्तमराव वर पाहत राहिले. उन्हातली बाजू पार विटली होती, छपराच्या सावलीतली मात्र जशीच्या तशी. "डबा एकच होता. भेसळ सावलीत लपते का?"

रंग फिका करायला त्यांनी यंदा नवा सफेदा, टायटॅनियमची पांढरी पूड, मिसळला होता. संशय त्याच्यावरच गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन ग्लासांत शाईचं निळं पाणी घेतलं. दोहोंत सफेदा टाकला. त्यातला एक गच्चीवर, एक कपाटात. तिसरा बिनसफेद्याचा, गच्चीवरच.

"माझे ग्लास कशाला नासवता?" बायको गंगू करवादली.

"आजचा दिवस दे फक्त!"

दुपारभर ते ढवळत बसले. चार वाजता पूड खाली बसली आणि वरचं पाणी नितळ! कपाटातलं निळंच, बिनसफेद्याचं जरासं फिकं.

"गंगू, ऊन खाऊन सफेद्यानं शाई खाल्ली!"

तिन्ही पाणी बाटल्यांत भरून ते सायकलवर बरकतपुऱ्याला सुटले. तिथले एकनाथराव कॉलेजात रसायन शिकवत. त्यांनी बाटल्या उजेडात धरल्या.

"ऊन लागलं की ही पूड कामाला लागते. तिला चिकटलेला रंग, तेल, सगळं फोडते. स्वतः संपत नाही."

"मग कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं घाण पाणीही निवळेल?"

"ग्लासभर निवळलं. हंडाभराचं सांगता येत नाही."

"बघू या की!"

हिम्मतरावांनी गच्चीवर येऊन प्रयोग पाहिला, भेसळीचा शब्द मागे घेतला. पाटी दुसरा सफेदा घालून पुन्हा रंगली. उत्तमरावांनी रंगाऱ्याकडून लाल पाणी आणून, नवा सफेदा टाकून गच्चीवर परातीत पसरलं. तिसऱ्या दिवशी पूड बसल्यावर पाणी गुलाबी दिसलं. उत्तमराव परात उचलायला वाकले, तर गंगूनंच ढवळायची काठी हातात घेतली.

"थांबा हो! अजून तासभर ऊन आहे."