सातवा ठोका

मुर्री गावच्या बकारामच्या अंगात माता माय येत असे, आणि ती परत जाईपर्यंत त्याच्या बायकोच्या, सुमित्राबाईच्या, जिवात जीव नसे. रीत ठरलेली होती. ढोलाचे सलग सात ठोके पडले की माय येई. मग घरच्या बाईने पुढे होऊन विचारायचे, "कोण आलीस? कायले आलीस?" माय बोलेल ते ऐकायचे, घरच्या माठातले हळदपाणी पायांवर ओतायचे. तेव्हाच ती जाई.

आधी माय बकारामच्या बापाच्या अंगात येई; त्याला एकदा हे कोणी विचारलेच नाही. यात्रेच्या गर्दीत पाण्याचा लोटा घेतलेली नवी सून मागे राहिली. तीन दिवस म्हातारा स्वतःचे दार ओळखत नव्हता. चौथ्या दिवशी तो तळ्यात सापडला. ती सून म्हणजे सुमित्राबाईच.

१९५६च्या जानेवारीत गोंदियाला शेतकी मेळा भरला. मेळ्याचे चिटणीस भैयाजी मुर्रीला येऊन म्हणाले, "आमच्या स्टेजवर देवी आणून दाखवा. एकदम असली वाटली पाहिजे. फक्त पाच मिनिटं."

बकारामला गावच्या दंडारीत, नाचगाण्याच्या खेळात, सोंगे घ्यायची हौस होतीच. तो कबूल झाला.

"मायचं सोंग घेता का जी?" सुमित्राबाई म्हणाली.

"सहाच ठोके वाजवू वो. मंग ती कायले येते?"

ढोलवाला दुलीचंद हसला. "वहिनी, सातवा ठोका मी गिळून टाकतो."

शनिवारी साडेचारला कार्यक्रम होता. मंडपाच्या दाराशी स्वयंसेवकाने सुमित्राबाईला अडवले, "बर्तन अंदर नहीं." घरून आणलेला हळदपाण्याचा लोटा बैलगाडीतच राहिला. ती बायकांत बसली आणि बोटांवर ठोके मोजू लागली. सहा. बकाराम घुमला, केस झटकले. पाय मात्र तालावर पडत होते. सोंगात ते तसेच पडत; माय आली की अंगठे आत वळत. ती पायांवरून नजर काढेना.

"वन्स मोअर!" पुढच्या रांगेतून कोणी ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. दुलीचंदला चेव आला. त्याने पुन्हा सुरुवात केली. पाच, सहा, आणि सातवा.

अंगठे आत वळले.

भैयाजींनी घंटी वाजवली. "छान! आता भजन." बकाराम थांबेना. लोक आणखी टाळ्या वाजवू लागले. दोरी ओलांडून सुमित्राबाई स्टेजवर चढली.

"कोण आलीस, माय? कायले आलीस?"

"तूच सांग," बकारामच्या तोंडून बाईचा जुना, ओळखीचा आवाज आला. "कोणाले ताप आहे? कोणाचं लेकरू जाऊन राहिलं?"

मायशी खोटे बोलायचे नसते.

"कोणाचंच नाही. लोकाईनं पाहावं म्हणून बोलावलं. चुकलं, माय."

"पाहिलं?"

"पाहिलं."

"मंग जाऊ दे मले."

पाणी! तिने पाहुण्यांच्या टेबलावरचा जग उचलला आणि त्याच्या पायांवर रिकामा केला. बकाराम मटकन खाली बसला.

"अवो, माहे पाय काऊन ओले?"

हशा, टाळ्या. भैयाजी धावत आले. "बाईजी, कमाल केलीत! भंडाऱ्याच्या मेळ्यातही असंच करा!"

गाडीत बकाराम दुलीचंदला चिडवत होता. "सातवा गिळणार होतास ना गा?" दुलीचंद खाली मान घालून बसला होता. सुमित्राबाई बकारामच्या पायांकडेच पाहत होती. पाणी घरचे नव्हते, हळद नव्हती. माय गेली की नुसती आत दडून बसली, हे कोण सांगणार?

घर आल्यावर तिने त्याला अंगणात थांबवले आणि आतून हळद घातलेला माठच उचलून आणला.

"कोण होय?"

"पागल झाली का वो? मी होय, बकाराम." तो हसला. मग तिचे तोंड पाहून हसू थांबले. पायांवर माठ रिकामा होईस्तोवर तो जागचा हलला नाही.

भंडाऱ्याला कोणी गेले नाही. पण ते वर्षभर, रोज सकाळी बकाराम अंगण ओलांडून धानाच्या बांधीकडे निघाला की सुमित्राबाई हातातला झाडू थांबवी, आणि त्याच्या पावलांचे ठसे वाकून पाही. अंगठे सरळ दिसले, तरच झाडायला घेई.